विचारलं ते कपाटाचं

अल्लाहचे नाव घेऊन मी, फिक्री अब्दुलबारी, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम (लोक उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणतात), राहणार दुम्यात, इजिप्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, आणि ते का नाही हे घरच्यांनी मला सांगितलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला समोर बसून बोलावे लागते.

एक. मला मुले दोन, वगदी आणि नहला. त्यांची आई सहा वर्षांपूर्वी गेली. शरीयतप्रमाणे वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही आणि त्याचा वाटा काढूनही घेता येत नाही. तेव्हा घराचे आणि कारखान्याचे त्यांना जे मिळायचे ते मिळेल. वारस नसलेल्यांना द्यायला माझ्या हातात उरतो एक तृतीयांश, आणि वारसांना द्यायला बोलणी. बोलण्यांना मर्यादा असल्याचे अजून कोणा काझीने सांगितलेले नाही.

दोन. कारखान्यामागची खोली सनिय्या नर्सला द्यावी. फेब्रुवारीपासून ती रोज दुपारी मला सुई द्यायला येते. गेल्या महिन्यात सुई बदलली, तेव्हा मी विचारले, "सनिय्या, नुसत्या सुजेवर अफूची सुई देतात का गं?"

तिने हातातले खाली ठेवले. "उस्ता, सूज नाहीये. कॅन्सर आहे, स्वादुपिंडाचा. यकृतात गेलाय. तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस, असं मला बजावलंय."

"मग उघडलंस कशाला?"

"तुम्ही विचारलंत ना."

खोली तिला या उत्तरासाठी.

तीन. बाकीचेही तिनेच सांगितले, कारण वगदी-नहलाचे भांडण तिच्या देखत झाले होते. मन्सुऱ्याच्या डॉक्टरांनी नहलाला सांगितले होते, की औषधे लगेच सुरू करा. त्रास होईल, पण कदाचित वर्षभर मिळेल. कैरोच्या डॉक्टरांनी वगदीला सांगितले, म्हाताऱ्या जिवाचे हाल करू नका, दुखणे तेवढे थांबवा. डॉक्टरांवर माझा राग नाही. एका फळीवर दोन उस्तांचे एकमत झालेले मीही कधी पाहिले नाही. पण अशा वेळी फळी ज्याची, त्याला विचारतात.

मला विचारले, ते असे. रमजानआधीचा शुक्रवार होता. जेवणे झाली, चहा आला.

"बाबा, नहलाच्या सासूचं जुनं कपाट आहे," वगदी म्हणाला. "आतून वाळवी लागलीय. एक सुतार म्हणतो, औषध भरू, काही दिवस टिकेल. दुसरा म्हणतो, हात लावू नका."

"वाळवी कुठवर पोचलीय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "सांगाड्यात," नहला म्हणाली.

"मग सोडा. ठोकाठोकीत आहे तेही जाईल. उभं आहे तोवर उभं राहू दे कोपऱ्यात."

नहला रडायला लागली. मी हसलो. "अगं वेडे, सासूच्या कपाटासाठी रडतेस? नवं करून देईन, आरसा लावून!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन्सुऱ्याची तारीख रद्द केली. स्वयंपाकघरात, सनिय्याच्या देखत, वगदी बहिणीला म्हणाला, "आता कशाला रडतेस? बाबांनीच सांगितलं ना!"

म्हणून लिहून ठेवतो. कपाटाबद्दल माझे मत आजही तेच आहे. माझ्याबद्दल ते नव्हते. कपाटाला जगायची हौस नसते, मला होती. मी औषधे घेतली असती, ओकलो असतो, केस गेले असते तर टोपी घातली असती. सनिय्याला सोबत घेऊन मी गुपचूप मन्सुऱ्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, "मार्चमध्ये यायला हवं होतं. आता शरीराला झेपणार नाही." पन्नास वर्षे लोक माझा सल्ला विश्वासाने घेत आले. माझ्या मुलांनी तो फसवून घेतला आणि माझ्यावरच चालवला. हे मला दुखण्याहून जास्त लागले आहे.

चार. नहलाची मुलगी लमीस हिचे येत्या फेब्रुवारीत लग्न आहे. तिच्यासाठी शिंपल्यांच्या जडावाचे आरशाचे टेबल करायला घेतले होते, ते अर्धेच राहिले. ते आणि माझे रंधे, पटाश्या, करवती तिला द्याव्यात. टेबल वगदीने पुरे करू नये. त्याच्या सांध्यात लहानपणापासून फट राहते.

पाच. माझा फाशांचा पट हमदी न्हाव्याला. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग दोन डाव हरला नव्हता. या उन्हाळ्यात रोज हरतो. मी मूर्ख, चहाच्या दुकानात मिशीला पीळ देत बसलो. सगळ्या गल्लीला ठाऊक होते. हमदी, पट घे, आणि त्यातला एक तरी डाव माझा होता का, ते माझ्या कबरीशी येऊन सांग.

सहा. मशिदीच्या भोंग्यावरून "अल्पशा आजाराने" किंवा "त्या वाईट आजाराने" असे कोणी सांगू नये. आजाराला नाव आहे, ते घ्यावे.

सात. वगदी किंवा नहला, जो कोणी मी जिवंत असताना समोर बसून मला ते नाव सांगेल, त्याच्यापुरती वरची सगळी बोलणी रद्द समजावीत.

दुम्यात, ९ जुलै २०२४.
सही: फिक्री अब्दुलबारी
साक्षीदार: नाईम शलबी, कापडवाले, शेजारी. रागेब दसूकी, निवृत्त शिक्षक.

पुरवणी, २ ऑगस्ट, त्याच साक्षीदारांसमोर. मी दोघांना रोज विचारतो, "मला काय झालंय?" वगदी म्हणतो, "सूज, बाबा. उतरतेय." काल नहला बराच वेळ माझा हात धरून बसली. तिचे ओठ हलले. मी वाट पाहिली. "बाबा," ती म्हणाली, "आज रंग बरा दिसतोय हं तुमचा."

कलम सात खोडू नये. अजून थोडे दिवस आहेत.

सही: फिक्री