सोमवारी संग्रहालयं बंद असतात

प्रिय मातिल्दे,

मी सुखरूप आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. त्या दिवशी फोनवर तू किती हसलीस! ब्रागान्साच्या बाजारापलीकडे कधी एकटी न गेलेली आपली आई लिस्बनमध्ये संग्रहालयं बघत हिंडतेय! मीही हसले, कारण तू हसलीस की मला राहवत नाही. पण आता सगळं नीट सांगते. चर्चच्या बायकांबरोबर मी फातिमाच्या तीर्थयात्रेला निघाले, तिथे त्यांच्याबरोबर उतरलेही. त्या मेणबत्त्या घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या आणि मी पिशवी उचलून लिस्बनच्या बसमध्ये जाऊन बसले. बस सुटेपर्यंत मी पिशवी छातीशी धरून अशी आकसून बसले होते की शेजारच्या म्हातारीला वाटलं, मला थंडी वाजतेय. तिनं आपली शाल माझ्या मांडीवर टाकली.

तू विचारलंस, संग्रहालयातच का? कलेचं वेड लागलं का? तसं म्हण हवं तर. खरं म्हणजे प्रत्येक दालनात कुणीतरी पहारेकरी बसलेला असतो. तिथे कुणी आवाज चढवत नाही, कुणी दंड धरून खेचत नाही. मी आत गेले की आधी दारं बघते, मग भिंतीला टेकून बसता येईल असं बाक, आणि मग चित्रं. पण खोटं कशाला बोलू, पुढे पुढे चित्रंही दिसायला लागली. फरशांच्या संग्रहालयात निळ्या-पांढऱ्या फरशांवर अडीचशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाआधीचं अख्खं लिस्बन रंगवलंय. नदी, गलबतं, चर्चं, खिडक्या. त्यातल्या खिडक्या बघत मी पाय दुखेपर्यंत उभी होते. मागून कुणी "चल, यात काय बघायचंय?" म्हणालं नाही. पहिल्यांदा आनंद झाला, आणि लगेच कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

सोमवार मात्र भयंकर गेला. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, हे मला दारावरची पाटी वाचेपर्यंत ठाऊकच नव्हतं. चर्चमध्ये जाऊन बसावं, तर मला शोधायचं झालं की कुणीही आधी तिथेच बघेल. मग ट्राममधून या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिले. चढणाऱ्या प्रत्येक माणसाचे बूट आधी बघायचे, मग तोंड. शेवटी चालकच म्हणाला, "बाई, हे शेवटचं ठिकाण. मघाशीही हेच शेवटचं होतं."

मंगळवारी सकाळी मला खोली भाड्यानं देणाऱ्या दोना एर्मीनिया कॉफी ओतता ओतता गालात हसायला लागल्या. म्हणाल्या, "नशीबवान आहात हो! तुमच्या यजमानांचा फोन आला होता. किती गोड बोलतात! आज इकडे यायला निघालेत. तुम्हाला चकित करायचंय म्हणाले, तेव्हा मी सांगितलं असं दाखवू नका हं." मी पाव तसाच ठेवला. मातिल्दे, दोना एर्मीनियांच्या घरच्या फोनवरून मी फक्त तुझ्याशी बोलले होते.

पिशवी भरली आणि थेट बग्ग्यांच्या संग्रहालयात गेले. राजेराण्यांच्या सोनेरी बग्ग्या तिथे ओळीनं उभ्या आहेत, घराएवढ्या उंच. दालन भलंमोठं, आणि तिथेच मला ते ऐकू आलं. बोलण्याआधी घसा खाकरणं. तुला माहीत आहे कसलं. पापा जेवणाच्या टेबलाशी तसे खाकरले की आपण दोघी काटे खाली ठेवायचो. मी काय केलं ते मला कळलंच नाही. भानावर आले तेव्हा दोरी ओलांडून एका बग्गीच्या चाकामागे उकिडवी बसले होते आणि धोक्याची घंटा कोकलत होती. खाकरणारा एक आजोबा होता. दोन नातवंडांचे हात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. "आजोबा, ती बाई लपाछपी खेळतेय का?" धाकटीनं विचारलं.

पहारेकरीण धावत आली. फिलोमेना तिचं नाव, माझ्याहून वयानं बरीच मोठी. आधी कडाडलीच, "अहो, अक्कल आहे का? दोरी दिसत नाही?" मग माझं तोंड बघून आवाज एकदम खाली आणला. "ऊठ पोरी. माझा हात धर. कोण आहे बाहेर?" मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, "कोणी नाही त्याला इतकं कुणी घाबरत नाही." पाणी देताना तिनं माझं वाकडं मनगट पाहिलं. "हे कशानं?" माझ्या तोंडून नेहमीचंच आलं, दारात सापडलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली. आणि मग मीच म्हणाले, "दारात नाही सापडलं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिची भावजय माझ्यासारख्या घरातून पळालेल्या बायकांसाठी एक घर चालवते. मी तिथे आहे. पत्ता देत नाही, रागावू नकोस. एक वकीलबाईही भेटल्या. दाराची कडी वाजली की अजून माझ्या हातातली वाटी पडते, पण ती उचलून कुणी माझ्या अंगावर फेकत नाही.

पापांना तू तो नंबर दिलास, त्याचा मला राग नाही. ते फोनवर रडले असतील. खरंच रडतात ते, खोटं नाही रडत, म्हणून तर मी इतकी वर्षं राहिले. पुन्हा रडतील. त्यांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. पण पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी नाही. ईस्टरला मटार सोलताना तू सहज म्हणालीस, "दुआर्तला मी मैत्रिणींबरोबर गेलेली आवडत नाही, म्हणून मी जातच नाही. उगाच कटकट नको." बाळा, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी माझ्या आईला हेच सांगितलं होतं, असंच हसत. ईस्टरला तुझं ते बोलणं ऐकून मी मटाराची टोपली उचलून आत गेले. त्या दिवशी ठरवलं, आपण निघायचं. मी स्वतः त्याच घरात राहून तुला काही सांगितलं असतं, तर तू का ऐकलं असतंस? म्हणून हे पत्र तुमच्या घरी न पाठवता तू काम करतेस त्या दवाखान्यात पाठवतेय. दुआर्त चांगला नवरा असेलही. माझं चुकत असलं तर मी त्याची माफी मागेन. तू फक्त एक कर. एखाद्या रविवारी त्याला सांग, मी आज एकटीच संग्रहालय बघायला चाललेय. एवढंच म्हण, आणि पर्स उचलण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघ.

तुझीच, अजून घाबरणारी पण परत न येणारी,
आई