न आलेल्या कांजिण्या

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा मी हे लिहायला धजावलोय. समोर बसून बोलायची वेळ होती तेव्हा मी ती टाळली. तू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझे केस पांढरे झाले, तुझ्या नातीला स्वतःची मुलगी झाली, आणि त्या चिमुरडीच्या शाळेलाही आता मे महिन्याची सुट्टी लागते. सुट्टी लागली की माणसाला बरं वाटायला हवं. मला मात्र त्या एका सुट्टीची आठवण येते आणि मग दोन-चार दिवस घरात उगाच कोणावर तरी चिडचिड होते.

तुला आठवत असेल, शाळेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मी दोघा पोरांना शहापूरहून एसटीत घालून तुझ्याकडे आणायचो. सापगावचा पूल ओलांडला की धाकटा "आजीचं गाव आलं का?" विचारायला लागायचा, तो मुरबाडला उतरून पुढची गाडी मिळेपर्यंत विचारतच राहायचा. एकदा तुझ्या अंगणात पाय पडला की महिनाभर पोरं माझी राहायची नाहीत. सकाळी करवंदांना, दुपारी आंब्याखाली, ऊन उतरलं की विहिरीवर. पाठीला सुका भोपळा बांधून तू थोरलीला पाण्यात सोडलंस आणि स्वतः काठावर दोर धरून ओरडत बसलीस, "पाय मार गो, पाय! पानी काय तुला खातंय?" पोरांकडून कामंही करून घ्यायचीस. भाताची रोपं जिथे टाकायची ती जागा भाजायला राबावर पाला पसरायचा, वाळलेल्या शेणी उचलून रचायच्या, चिंचा फोडायच्या. घरी पाण्याचा पेला न उचलणारी माझी मुलगी तुझ्याकडे कोपरापर्यंत शेणाने माखून हसायची. मी रविवारी येऊन बघायचो तर माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मला तेव्हा गंमत वाटायची, आणि थोडा हेवाही, हे आज सांगायला हरकत नाही. बाबा गेल्यापासून तुझं वर्ष त्या एका महिन्यावर चालायचं. ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी ठाण्याच्या ऑफिसातल्या आम्ही चौघांनी, साहेब धरून, बायका-मुलांसह महाबळेश्वरला जायचं ठरवलं. आयुष्यातली पहिली अशी सहल. तुझी सून म्हणाली, "आईंना सरळ सांगा ना. त्या काय नाही म्हणणारेत?" तिचं बरोबर होतं. तू नाही म्हणाली नसतीस, पोरांना चार दिवस उशिरा आणलं तरी चाललं असतं. पण मला भीती वेगळीच होती. आदल्या वर्षी टीव्हीवर कुठलंसं थंड हवेचं गाव दाखवत होते, तेव्हा तू म्हणाली होतीस, "तिथं वैशाखात गोधडी लागते म्हनं. येकदा बघाया पायजे." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. महाबळेश्वर म्हटल्यावर तू म्हणशील, मी पन येते. आणि मग साहेबांच्या बायकोशेजारी, हॉटेलात, काष्टा मारलेलं लुगडं नेसून, मोठ्या आवाजात नाय-व्हय करत तू बसशील. मला लाज वाटली, आई. तुझी. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून तीन वेळा चहा करून प्यावा लागला.

आपल्या गावात तेव्हा एकच फोन, दुकानावरचा. दुकानदाराने तुला बोलावणं धाडायचं आणि मी दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा, अशी रीत. तू धापा टाकत आलीस. "पोरं कवा आनतोस रे? आंब्याची आढी लावलीय मी."

मी म्हणालो, "एवढ्यात नाही आणत आई. दोघांना कांजिण्या आल्यात."

का कोण जाणे, तेच तोंडात आलं. शेजारच्या बिऱ्हाडात कोणाला तरी आल्या होत्या, म्हणून असेल. मग विचारलंस, "दोघांनाबी?"

"हो."

"मी येऊ?"

"नको नको. डॉक्टर म्हणालेत, बाहेरचं कोणी यायचं नाही."

"ते डाक्टरला कशाला इचारतोस? माता आलेल्या घरात भायेरच्यानं पाय टाकू नये, ते मला ठाव हाय. नीट ऐक. घरात फोडनी देऊ नको. कडू लिंबाचा पाला ठेव उशाशी. आनि पोरांवर वराडू नको, देवीआई कोपते."

मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला. फार सोपं गेलं. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

आणि मी तिथे मजेत होतो, हेही ऐक. तळ्यात बोट, घोड्यावर फोटो, स्ट्रॉबेरी, सगळं झालं. तुझी आठवण एकदाच आली, पहाटे खरोखरच गोधडी ओढून घ्यावी लागली तेव्हा. कूस बदलली आणि झोपलो.

कांजिण्या म्हटल्यावर लगेच आणता येईना, म्हणून शाळा उघडायला आठवडा राहिला असताना पोरांना घेऊन तुझ्याकडे आलो. तू अंगणात उभी होतीस. मी वाकलो तेव्हा तुझे पाय दिसले. टाचा फुटून आत लाल दिसत होतं, अंगठ्याशी मोठा फोड येऊन फुटला होता. मी विचारलं, वहाणा कुठायत? तू पोरांना उजेडात ओढून त्यांचे सदरे वर केलेस. पाठ, पोट, कानामागं, सगळीकडे बोट फिरवून बघितलंस. "येक डाग नाय राहिला," म्हणालीस, आणि डोळ्यांना पदर लावलास. "आईनं ऐकलं माझं."

बाकीचं मला शेजारच्या काकूने सांगितलं. तू सांगितलं नसतंस. कांजिण्या शहापुरात, पण पथ्य तू गावी पाळलंस. पंधरा दिवस तुझ्या चुलीवर फोडणी पडली नाही. सुकी मासळी शिंक्यावर तशीच राहिली. रोज गावदेवीला दहीभाताचा थंड निवद. पोरांच्या अंगावर डाग राहू देऊ नको, त्यांना घेऊन तुझ्या पायाशी येईन, तोवर पायात वहाण घालणार नाही, असा नवस. वैशाखाच्या उन्हात तू तशी राबावर उभी राहिलीस, तशीच डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणल्यास. काकू म्हणाली, "आमी सांगून थकलो. आयकती कुनाचं? म्हनाली, माझं लेकरू वेगळं राहातं, पन माझी चूल वेगळी नाय."

आणि त्यातच तुझ्या एकुलत्या एक भावाच्या मुलीचं लग्न होतं. मामा स्वतः तुला न्यायला आला होता. आत्याशिवाय हळद कशी लागेल, म्हणाला. माता आलेल्या घरातलं माणूस लग्नघरात जात नाही, म्हणून तू गेली नाहीस. मामी मागाहून चारचौघांत म्हणाली, माता आली शहापूरला, हिच्या घरात कुठे आलीय? मांडवात यायचं नव्हतं, सरळ सांगायचं. मामाला ते लागलं. त्यालाही वाटलं, बहिणीचं मन नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. काकू निघून गेली होती, तू मागच्या दारी पाणी तापवत होतीस, मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. तेवढ्यात धाकटा बोललाच. "आजी, मी घोड्यावर बसलो! पांढऱ्या घोड्यावर!" तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि मला म्हणालीस, "तापात सपान पडलं आसंल लेकराला." मग थोरलीला जवळ घेऊन विचारलंस, "लय खाज यायची का गो?" ती माझ्याकडे बघायला लागली. आठ वर्षांची होती. मी तिच्याकडे असं बघितलं की तिला कळलं. "हो आजी," ती म्हणाली. "खूप यायची." आणि आई, त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

दुसऱ्या दिवशी आपण गावदेवीला गेलो. तू पोरांना पायाशी घातलंस, नारळ फोडलास, माझ्या कपाळाला अंगारा लावलास. मी हात जोडून उभा. देवीला सगळं ठाऊक असणार, असं मनात येऊन पायऱ्या उतरताना मी मागे वळून बघितलं नाही. तू मात्र वहाणा घालून पोरांपुढे झपझप चालत होतीस, खुशीत.

त्या दिवाळीला मामा भाऊबीजेला आला नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. तू ताट मांडून बसायचीस, संध्याकाळ झाली की चंद्राला ओवाळायचीस. मी शेजारी बसलेला असायचो. मामाचं घर काही लांब नव्हतं, सायकलवर गेलो असतो तरी तासाभराची वाट. "मामा, ती खोटं बोलली नाही, मी बोललो," एवढं एकच वाक्य त्याच्या ओटीवर जाऊन बोलायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. तिसऱ्या दिवाळीची वाट तू बघितली नाहीस. पावसाळ्यात चार दिवस तापाने पडलीस आणि गेलीस.

तेव्हा मामा आला. तुझ्या पायथ्याशी बसून हंबरडा फोडून रडला. मला म्हणाला, "येका लग्नापायी बोलनं टाकलं रे मी तिच्याशी. माता आली सांगत व्हती. मला वाटलं, बहाना करते." बहाणा माझा होता. तो माणूस माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होता आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो, जणू मीच त्याला माफ करतोय. तोही आता नाही.

हे सगळं आज का, तर गेल्या आठवड्यात तुझी नात आली होती. तिच्या घरचे सगळे सुट्टीत थंड हवेला चाललेत. "बाबा, तुम्हीही चला," म्हणाली, अगदी सहज, आणि सासरच्या लोकांदेखत. मी गुडघ्याचं निमित्त काढलं. मग दोघंच असताना ती हळूच म्हणाली, "बाबा, आजीला नंतर सांगितलं होतंत ना तुम्ही? महाबळेश्वरचं?"

मी म्हणालो, "हो, सांगितलं ना."

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, पोरं मजेत व्हती ना, मंग झालं."

तिने डोळे पुसले. म्हणाली, "बरं झालं बाबा. मला इतकी वर्षं वाटायचं, मी आजीच्या तोंडावर खोटं बोलले आणि ती तशीच गेली." बसली होती तिथून उठली आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला गेली. आत गुणगुणत होती.

तू असं कधीच म्हणाली नाहीस. तुला मी म्हणायची संधीच दिली नाही. मी तुझा आवाज काढला, तुझं "मंग झालं" तुझ्यासारखं उच्चारलं, आणि स्वतःला माफ करून टाकलं. हा कागद खरा तिच्या हातात द्यायला हवा. तिला तो वाचता येतो, म्हणून देत नाही. आणि एक सांगतो आई. तुझ्या नावाने ते बोललो, तेव्हा क्षणभर मलाही खरंच वाटलं की तू हसलीस, आणि मला फार बरं वाटलं.