दोष आढळला नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. थेरपिस्ट बाईंनी फोनवरच सांगितलं, रोज काय वाटलं ते दोन ओळी लिहा, कोणाला दाखवायचं नाही. म्हणजे कोणी तपासणार नाही. न तपासलं जाणारं काम नीट करणारा माणूस आमच्या कंपनीत मी एकटाच, म्हणून लिहितोय.

कारण किरकोळ आहे. मागच्या महिन्यात कंपनीने मला वर्षातला सर्वोत्तम विभागप्रमुख ठरवलं. टाळ्या वाजल्या. त्यानंतर मी वॉशरूममध्ये चाळीस मिनिटं कडी लावून बसलो. पोट बिघडलं होतं. पण कंपनीच्या डॉक्टरांनी पोट, छाती, रक्त सगळं तपासलं, हाती काही लागेना, तेव्हा मनाकडे बोट दाखवून मोकळे झाले. बायकोनेही त्यांचीच री ओढली.

काय वाटलं: काही नाही.

६ मार्च, गुरुवार
पहिलं सेशन. चौथा मजला. इथली लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ किरकिरते. दरवाज्याचा रोलर झिजलाय. बावीस वर्षं लिफ्टच्या देखभालीत गेली, आज नऊशे लिफ्ट माझ्या हाताखाली आहेत. मी लिफ्टला हात लावत नाही, नुसता कान देतो. मेकॅनिक लोक पाठीमागे मला 'कान' म्हणतात. तेही मला ऐकू येतं.

बाईंनी विचारलं, कसे आहात. म्हटलं, ठीक. त्यांनी विचारलं, ठीक म्हणजे काय. म्हटलं, ठीक म्हणजे ठीक. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, कसे आहात. बाईंना मुद्द्यावर येता येत नाही.

मी विचारलं, एकूण किती सेशन. त्या म्हणाल्या, किती दिवस लागतील सांगता येत नाही. हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. ग्राहकाला असं सांगणाऱ्या मेकॅनिकला मी केबिनमध्ये बोलावतो. तारीख द्यावी लागते. शेवटी मीच बाईंना तारीख दिली, १० एप्रिल. सहा सेशन. मनात चारच धरली आहेत.

८ मार्च, शनिवार
बाईंनी एक फॉर्म दिलाय. झोप, भूक, राग, भीती, घर. प्रत्येकापुढे रकाना. सगळीकडे लिहिलं, दोष आढळला नाही. पाच मिनिटांत काम फत्ते.

आमचे मेकॅनिक अंगचोरपणा करून हेच लिहितात. एकाने तीनदा लिहिलं की मी त्याला त्याच लिफ्टमध्ये तासभर खालीवर करायला लावतो. तासाभरात दोष आढळतोच. माझं तसं नाही, मला खरंच आढळला नाही.

कन्येने (वय दहा) आज जाहीर केलं की संपूर्ण सुट्टी मावशीकडे. दोन महिने. मावशीकडे कुत्रा आहे, पोरांना कुत्र्याचं वेड असतंच. मी म्हटलं, इथेच राहा, मी रजा काढतो, आपण फिरू. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं, बाबा. गुणी पोर, कधी उलटून बोलत नाही. नंतर ही म्हणाली, ती कुत्र्याला घाबरते. म्हणजे भीती घालवायला निघालीये. कौतुक वाटलं. जा म्हटलं. पण माझ्या रजेचं काय?

१३ मार्च, गुरुवार
दुसरं सेशन. बाई बालपणात शिरल्या. मी आधी ताकास तूर लागू दिली नाही. वडील कडक होते, त्या काळात सगळ्यांचेच असत. मग बाईंना जरा बरं वाटावं म्हणून कानाचा किस्सा सांगितला.

वडील कामावरून आले की मला जिन्यावरच कळायचं. दोन्ही चपला सारख्या वाजल्या तर दिवस ठीक. एक चप्पल घासत आली तर आई आतल्या खोलीत, मी कपाटामागे, रेडिओ बंद. सात सेकंद मिळायचे. मी कधी चुकलो नाही. बरं, एकदा चुकलो. तेव्हापासून डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, पण उजव्यावर भागतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. प्रभावित झाल्या असाव्यात. म्हटलं, बघा, त्याच कानावर आज एवढा पगार मिळतो. त्यांनी विचारलं, ते सात सेकंद कसे वाटायचे. म्हटलं, पुरेसे.

१४ मार्च, शुक्रवार
पोट. ऑफिसला गेलो नाही. बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार.

१८ मार्च, मंगळवार
रविवारी कन्येच्या हातून माझ्या फाइलवर पाणी सांडलं. माझे वडील असते तर काय झालं असतं ते लिहीत नाही. मी आवाजही चढवला नाही. मी फक्त गप्प आहे. आज तिसरा दिवस. घर इतकं शांत आहे की फ्रीजचा कॉम्प्रेसर ऐकू येतो. बाईंना सांगायला हवं, घरात ताण शून्य.

२० मार्च, गुरुवार
सांगितलं. बाईंनी विचारलं, मग घरात बोलतं कोण. म्हटलं, गरज पडली की सगळेच.

गृहपाठ मिळाला. रोज कोणाला तरी 'मला' ने सुरू होणारं आणि 'वाटतं' ने संपणारं एक वाक्य सांगायचं. ह्यात काय अवघड.

२१ मार्च, शुक्रवार
सीनियर मेकॅनिकला सांगितलं, मला तू कामचोर आहेस असं वाटतं. वाक्य नियमात बसतं. गृहपाठ पूर्ण.

२७ मार्च, गुरुवार
चौथं सेशन. ठरल्याप्रमाणे हे शेवटचं. वेळ चारची, ३.४० लाच पोचलो. लिफ्टची किरकिर वाढलेली. टूलबॉक्स डिकीत होता, रोलर मागवून ठेवला होता. म्हटलं वीस मिनिटांत होईल. ४.५० ला झालं. आता लिफ्ट लोण्यासारखी चालते.

वर गेलो तर बाई दारातच उभ्या होत्या. आभार मानले. म्हणाल्या, लिफ्टचं झालं, तुमचं राहिलं. कोणाचं भलं करायची सोय नाही.

२ एप्रिल, बुधवार
आज मजा झाली. घरी आलो, कुलपात किल्ली फिरवली, तर आतून कन्येचा आवाज: आई, किल्ली एकदाच फिरली, आज ठीक आहेत.

मी बाहेरच उभा. म्हणजे किल्ली अडकून दोनदा फिरली तर मी कसा असतो, हे पोरीने ताडलंय. कोणी शिकवलं नाही. खाण तशी माती! अभिमानाने ऊर भरून आला. उद्या बाईंना सांगायलाच हवं.

३ एप्रिल, गुरुवार
सांगितलं. अगदी रंगवून.

बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, तिला किती सेकंद मिळतात.

प्रश्न कळला नाही. पुढचं नीट ऐकू आलं नाही, बहुधा त्या डाव्या बाजूने बोलत होत्या. उतरताना जिन्याने आलो.

४ एप्रिल, शुक्रवार
मोजले. गाडीचं दार बंद केल्यापासून किल्ली फिरेपर्यंत एकतीस. माझ्या वेळी सातच होते. तिची परिस्थिती माझ्यापेक्षा पुष्कळ बरी.

५ एप्रिल, शनिवार
कन्येची बॅग भरून झाली. निघायला आठवडा आहे. हिला विचारलं, एवढी घाई कसली. ही म्हणाली, तिने सांगितलंय, मावशीकडे मोठ्यांदा हसता येतं.

कुत्र्याचा विषय निघाला नाही.

१० एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७.१५
दिलेली तारीख आजची. सेशनला गेलो नाही. मोहीम फत्ते करूनच बाईंना फोन करणार होतो. योजना साधी होती: आवाजावरून ओळखते ना, मग आवाजच द्यायचा नाही, ओळखायला काही उरलं नाही की प्रश्न मिटला. गाडी कोपऱ्यावर ठेवली. बूट हातात घेऊन जिना चढलो. किल्ली खिशात ठेवली आणि बेल वाजवली.

आतून धावत येणारी पावलं. दोन्ही सारखी. दार सताड उघडलं. आत टीव्ही मोठ्याने चालू, ही सोफ्यावर पाय पसरून, आणि कन्या तोंडभर हसत. शेजारची मैत्रीण आली असं तिला वाटलं होतं. तिच्या वरच्या दोन दातांत फट आहे. मी ती पहिल्यांदाच पाहिली.

मग तिने मला पाहिलं. ओठ मिटले. ही उठून आतल्या खोलीत गेली. टीव्ही बंद झाला. कन्या ताठ उभी राहून म्हणाली, मी अभ्यासच करत होते, बाबा.

सात सेकंदसुद्धा लागले नाहीत.

तिला म्हटलं, मला वाटतं. पुढे वाक्य सुचलं नाही. बूट हातातच होते. ती वाट बघत उभी राहिली, कारण मी अजून जा म्हटलं नव्हतं.

बाईंचा फॉर्म काढलाय. 'घर' या रकान्यातलं जुनं खोडलं.

दोष आढळला. ठिकाण: दारात, मी उभा होतो तिथे. दुरुस्ती: किती दिवस लागतील, सांगता येत नाही.