नाव घासलेला ग्लास

१ जुलै २०२४, सोमवार
मिळाली एकदाची खोली! सांगलीतलं हे तिसरं घर. आधीच्या दोन्ही घरांत आडनाव सांगितलं आणि खोली "कालच दिली" होती. काल म्हणे! पाटी अजून दाराला लटकत होती.

इथल्या आक्काताईंनी आडनाव ऐकलं, चेहरा हलला नाही. "गाव कुठलं?" म्हटलं, इस्लामपूर. "इस्लामपुरात कुठं?" आमच्या वस्तीचं नाव जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, स्टँडजवळ. "स्टँडजवळ?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "आजच आण सामान."

इतकं सरळ? मला पटत नाही. जैनाचं घर, पाणीसुद्धा गाळून पितात. आमची जात कळली नसेल? बँकेतली नोकरी नवी आहे. ही खोली गेली तर पुन्हा रोज एसटीचे धक्के.

३ जुलै
चहाचा ग्लास! घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलंय — मदन चौगुले, सौ. आक्काताई. माझ्याच ग्लासवरचं नाव घासून काढलंय. बोट फिरवलं की खरखरीत लागतं. आणि तो इतर भांड्यांत नसतो. खिडकीत वेगळा, पालथा.

आजी सांगायची, हॉटेलात आमची कपबशी बाहेर वळचणीला. प्यायची, आपणच धुवायची, पालथी घालायची. "कितीबी शिक, पर भांडं बघून बस गं पोरी." बघितलं, आजी.

४ जुलै
आजही तोच.

७ जुलै, रविवार
मदनकाका, आक्काताईंचे मालक, बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत असतात. माझा चहा आला की उठून आत जातात. तीनदा बघितलं. आज मुद्दाम सावकाश प्यायले. आलेच नाहीत बाहेर.

एवढा विटाळ होतो, तर खोली दिली कशाला?

१० जुलै
बाजारातून नवा ग्लास आणला. नाव घालून घेतलं — आडनावासकट, ठळक. आक्काताईंच्या ओट्यावर ठेवला. "वेगळाच द्यायचा तर माझा द्या." त्यांनी नाव वाचलं, गॅसकडं तोंड फिरवलं.

आता खोली सोड म्हणतील. बॅग भरून ठेवलीय.

१२ जुलै
आक्काताई खोलीवर आल्या. तो जुना ग्लास पदराखाली.

"माझ्या लेकीचा हाय, कीर्तीचा. सहा वर्सं झाली. तुमच्यातल्या पोराशी लगीन केलं तिनं. ह्यांनी कानशीनं नाव घासलं. फेक म्हणाले. म्या न्हाई फेकला." ग्लास पदरानं पुसला. "तू त्यातनं पितीस तवा मला बरं वाटतंय. ह्यांना बघवत न्हाई."

मला रडू आलं आणि रागही आला. विचारलंच, "मग तिला घरात का घेत नाही?" त्यांनी ग्लास पुन्हा पदराखाली घेतला आणि उठल्या.

१३ जुलै, दुसरा शनिवार
सुट्टी. घरी निघाले तर दारात आक्काताईंनी पिशवी दिली. आत तोच ग्लास, फडक्यात गुंडाळलेला.

"कीर्तीला दे. इस्लामपुरातच असती, स्टँडजवळ. तू त्याच बाजूची, म्हणून तर खोली दिली. दिसती का गं कवा? बरी हाय का?"

स्टँडजवळ आमच्यातलं कुणीच राहत नाही. कीर्तीनंही माझ्यासारखंच वस्तीचं नाव गिळलं असणार. म्हटलं, "दिसते की. बरी आहे."

एसटीत बसलेय. उतरले की वस्तीत कीर्तीचं घर शोधायचं आहे.