आईबाबांच्या मधली जागा

व्रिसोखोरी, १४ एप्रिल १९५३

ती. अरिस्तिदिसदादास,
एवांथियाचा सा. न. ख्रिस्त उठला!

ईस्टरला आला नाहीस, तरी तुझ्या वाटणीचं लाल अंडं मी देवापुढे ठेवलं आहे. इकडे सर्व खुशाल. कोस्मासची सरपंचकी जोरात आहे. दिवसभर शिक्के मारतो आणि वरच्या साहेबांचं ऐकून घेतलेलं घरी येऊन मला ऐकवतो. चेरीला यंदा फूल चांगलं आलं.

आता मुख्य गोष्ट. सोळा मेला आपल्या धाकट्या लाम्ब्रोसला जाऊन चार वर्षं होतील. तो बंडखोरांबरोबर डोंगरात गेला ते चूक की बरोबर, यावर आपण दोघं पुष्कळ भांडलो, ते आता उकरत नाही. पण ओढ्याकाठी गोळी लागून पडला, धनगरांनी तिथेच ओकच्या झाडाखाली पुरला. पाद्री नाही, मेणबत्ती नाही. तीन वर्षं झाली की हाडं वर काढून वाइनने धुवायची आणि पेटीवर नाव घालून चर्चमागच्या खोलीत ठेवायची, हे आपल्याकडे भिकाऱ्याचंसुद्धा होतं. तिथे फळीवर आईची आणि बाबांची पेटी आहे. मध्ये हातभर जागा मी मुद्दाम सोडली आहे. दर शनिवारी पुसते.

सरकारी हुकूम तुला माहीत आहेच. बंडखोरांच्या कबरी उघडायच्या नाहीत, प्रार्थना नाही, नाव नाही. चौकात तो वाचून दाखवला तो कोस्मासनेच. वाचताना माझ्याकडे बघितलं नाही. हुकूम उठेल म्हणून एक वर्ष जास्तीचं थांबले. आता थांबायची नाही. हे विचारायला नव्हे, कळवायला लिहिते आहे.

रागावलास तरी पत्र टाक, एवढी माया ठेव.
तुझी,
एवांथिया


अथेन्स, २२ एप्रिल १९५३

चि. सौ. एवांथियास अनेक आशीर्वाद. खरोखर उठला!

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. बाई गं, तू हे करू नकोस. लाम्ब्रोस माझाही भाऊ होता. खांद्यावर बसवून त्याला जत्रेत मी नेत असे, तू नव्हेस. पण माझा सरकारनिष्ठेचा दाखला जूनमध्ये नवा व्हायचा आहे. त्याच्याशिवाय या देशात मास्तराला खडू हातात धरता येत नाही. भाऊ बंडखोर होता हे त्यांनी कसंबसं पचवलं, बहीण हुकूम मोडते हे पचायचं नाही. आणि कोस्मासचं काय? स्वतःच्या बायकोला त्याने चौकीवर न्यायचं?

जुनी नाटकं शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. दरवर्षी माझ्या वर्गात देवाचा कायदा आणि राजाचा कायदा समोरासमोर उभे राहतात. मी मुलांना सांगतो की दोन्हीकडे थोडं थोडं खरं असतं, आणि म्हणूनच शेवटी घरंच्या घरं बसतात. आपलं घर आधीच अर्धं बसलं आहे. अजून दोनतीन वर्षं थांब. हाडांना घाई नसते.

माझं ऐकशील या भरवशावर,
तुझा दादा


व्रिसोखोरी, २ मे १९५३

ती. दादास सा. न.

हाडांना घाई नसते, पण मला आहे. मी त्रेपन्न वर्षांची झाले. माझ्यामागे त्याची हाडं धुवायला कोण आहे? बाबांची धुतली तेव्हा आईने घमेलं माझ्या हाती दिलं होतं, तुझ्या नव्हे.

मला हट्ट करून मॅट्रिकपर्यंत तूच शिकवलंस, म्हणून जरा तोंड वर करून बोलते. तू वर्गात दोन्ही बाजू समजावून सांगतोस आणि घंटा झाली की घरी जातोस. माझ्याकडे घंटा नाही रे दादा.

भीती एकाच गोष्टीची आहे. चौकीचा हवालदार गावभर सांगत फिरतो की असल्या पाप्याला माती घेत नाही, उघडाल तर काळा ठिक्कर निघेल. हाडं काळी निघाली म्हणजे जिवाला शांती नाही, हे तर आपणही मानतो. तसं निघालं तर देवाचाच निकाल हवालदाराच्या बाजूने लागला म्हणायचा. तरीही उघडणार, आणि उजेडी उघडणार. मी काही कोंबडी चोरायला जात नाही.

तुझ्या दाखल्यासाठी रोज मेणबत्ती लावते. बारीक लावते, पण लावते.
तुझी,
एवांथिया


व्रिसोखोरी, २५ मे १९५३

ती. दादास सा. न. वि. वि.

झालं. सगळं नीट सांगते.

सोळा तारखेला सकाळी उठले तर दाराशी कुदळ टेकवलेली, धार लावून. कोस्मास कोटाची बटणं लावत म्हणाला की आज तो खालच्या मळ्यात आहे, संध्याकाळपर्यंत त्याला काही दिसायचं नाही. मग दारातून वळून म्हणाला की माती ओली आहे, पायाकडून सुरू कर. दादा, एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी पुष्कळ बोलले. ते सगळं त्या दिवशी परत घेतलं.

एकटीच खणत होते. कमरेइतकी उतरले तेव्हा वर कुणाची तरी सावली पडली. बघते तर म्हातारी पानायो. तिचा मिल्तोस सरकारी सैन्यात होता आणि बंडखोरांनीच त्याला मारला. कुठल्या डोंगरात पडला तेही तिला ठाऊक नाही. मला वाटलं, आता ही थुंकणार. ती गुडघे धरत खाली बसली आणि म्हणाली की मेल्ये, असं खणतात होय, बाजूला हो. खणता खणता पुटपुटत होती की आपल्या पोराला माती द्यायला कुणी बाई भेटली असेल की नाही, कुणास ठाऊक.

आणि दादा, तो निघाला. पिवळा! मेणासारखा, आपल्या फळीवरच्या जुन्या मधासारखा. एक डाग नाही. पानायोने कवटी दोन्ही हातांत घेतली, कपाळाचं चुंबन घेतलं, आणि ओरडून ओढ्यावरच्या बायकांना बोलावलं की या गं, बघा गं, याला देवाने सोडवलाय. धुणी टाकून सगळ्या आल्या. मी एकच बाटली वाइन नेली होती, कशाला उगीच दोन म्हणून. पानायोने चिक्कू म्हणून सगळ्यांसमोर माझा उद्धार केला आणि घरून घडा आणवला. बायकांनी ओळीने बसून त्याला धुतला. चर्चची किल्ली पाद्री स्तामातिसबाबा नेमके त्याच दिवशी दारात विसरले होते.

पुढचा शनिवार मृतांच्या स्मरणाचा. आम्ही सगळ्याजणी उकडलेल्या गव्हांची ताटं घेऊन चर्चमध्ये, प्रत्येक घराची मृतांच्या नावांची चिठ्ठी स्तामातिसबाबांच्या हाती. हवालदार खांबाशी उभा. त्याने बाबांना बजावलं होतं की एवांथियाच्या चिठ्ठीतलं ते नाव वाचायचं नाही. बाबांनी माझी चिठ्ठी खरंच बाजूला ठेवली. मग पानायोची उघडली. मिल्तोस, आणि त्याच्याखाली लाम्ब्रोस. पुढची उघडली, तिच्यातही लाम्ब्रोस. त्याच्या पुढचीत लाम्ब्रोस. एकतीस चिठ्ठ्या, दादा, आणि बाबांनी एकही चुकवली नाही. आडनाव आपण लिहीतच नाही, हवालदार बोट कुठे ठेवणार? बाहेर आल्यावर त्याने पानायोला धरलं, तर म्हणते की लाम्ब्रोस आमच्या सासऱ्यांचा चुलता. दुसरी म्हणते, आमचा पणजा. शेवटी तो कोस्मासवर घसरला की या गावात मेलेत तरी किती लाम्ब्रोस. कोस्मास टोपी काढून म्हणाला की डोंगरातलं गाव, साहेब, नावं थोडी आणि माणसं फार.

पण खणलं कुणी हे त्याला कळलंच, मीच सांगितलं. अठरा जूनला मला तालुक्याच्या कोर्टात बोलावलं आहे. कोस्मासने सरपंचकीचा शिक्का पुसून, फडक्यात गुंडाळून परत केला. म्हणाला, बोटं तरी स्वच्छ राहतील.

तुझ्या दाखल्याचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. झोपताना तेच मनात येतं.

लाम्ब्रोस आईबाबांच्या मध्ये आहे. पेटीवर नाव तेवढं घालायचं राहिलं. घरात अक्षर तुझं चांगलं, पण तू कुठला यायला. कोस्मासकडून घालून घेईन, त्याच्या ओळी उताराला लागतात तरी.

जमेल तितका लोभ ठेव, जास्त मागत नाही.
तुझी,
एवांथिया


अथेन्स, ८ जून १९५३

माझ्या एवांथियास,

या वेळी आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. नमस्कार करावा असं वाटतं, तोच समज.

शुक्रवारी इन्स्पेक्टरने बोलावलं. माणूस सभ्य होता, कॉफी मागवली. पुढे कागद ठेवला. त्यावर टाइप केलेलं होतं की बहिणीच्या कृत्याचा मी धिक्कार करतो आणि तिच्याशी यापुढे संबंध ठेवणार नाही. सही केली की दाखला तयार. मी पेन उघडलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग मला ओल्या मातीत कमरेइतकी उभी असलेली तू दिसलीस, आणि एक बाटली वाइन. हसू आलं. इन्स्पेक्टर विचारू लागला की काय झालं. मी पेन बंद करून खिशात ठेवलं आणि कॉफीबद्दल आभार मानले.

शनिवारी शेवटचा तास होता. धडा तोच. मी मुलांना सांगितलं की सव्वीस वर्षं मी दोन बाजू सांगितल्या, आज एक सांगतो. मग त्यांना व्रिसोखोरीच्या एकतीस चिठ्ठ्या सांगितल्या. घंटा झाली. मी उठलो नाही. कुणीच उठलं नाही.

अठराला कोर्टात तुझ्या शेजारी उभा असेन. पुढचं पुढे. खायला फार लागत नाही मला, तू तर त्यातही काटकसर शिकवशील.

पेटीला कोस्मासला हात लावू देऊ नकोस. काळा रंग आणि बारीक कुंचला मी घेतला आहे. मंगळवारच्या बसने निघतो.

तुझाच,
दादा