पाटी वाळायला दोन दिवस लागतात

दि. ६ जानेवारी

ति. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट सोमवारी माझ्याच टेबलावर छाटणीला आलं. पत्ता असा काही रंगवून लिहितोस की आमच्या टपाल कचेरीतले सगळे लांबूनच ओळखतात. हेडबाबूंनी ते वर धरून, बेबीताई, तुमच्या पेंटर दादांचा बोर्ड आला, अशी हाक मारली. यापुढे साध्या पेनाने लिहीत जा, म्हणजे मला चारचौघांत मान वर करून बसता येईल. वहिनींचा गुडघा कसा आहे? शेक घेतात, की नुसतं हो हो म्हणतात?

आता मुद्द्याचं. तुझ्या लेकीच्या कॉलेजने हॉकीचा उपांत्य सामना जिंकला. दोन-शून्य! सलग पाच सामने झाले, ठकीने एकही गोल आत जाऊ दिलेला नाही. आम्ही नेहमीची मंडळी पाण्याच्या टाकीखाली बसलो होतो. मी, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई, कॉलेजचे ग्रंथपाल आणि सुट्टी टाकून आलेले आमचे दोन पोस्टमन. ग्रंथपाल वर्षभर 'शांतता राखा' म्हणत फिरतात, त्या दिवशी ओरडून ओरडून त्यांचाच घसा बसला. स्वयंपाकीणबाई झारा घेऊन येतात आणि टाकीच्या लोखंडी नळावर बडवतात. बडवू नका म्हणायची कुणाची छाती नाही, कारण जेवायला सगळ्यांना त्यांच्याकडेच जायचं असतं. अंतिम सामना पंचवीस तारखेला, आमच्याच मैदानावर.

दादा, हे वाचून तुझा हात ब्रशाकडे गेला असेल. तिथेच थांबव. गेल्या वर्षी सामना अजून चालू होता आणि तू कॉलेजच्या फाटकावर बारा फुटी पत्रा चढवून मोकळा झालास. 'विजेत्या संघाचे हार्दिक अभिनंदन', खाली ठसठशीत साल. शेवटच्या मिनिटाला ठकीच्या पॅडखालून चेंडू गेला. पोरी रडत फाटकाशी आल्या, तर वर तुझी पाटी. अजूनही तिला डिवचायचं झालं की लोक 'विजेती' म्हणून हाक मारतात. वर्ष झालं, पोरगी घरी फिरकली नाही. महिन्याला एक कार्ड आणि त्यात 'खुशाल आहे' एवढंच. ते कार्डसुद्धा मीच छाटते, म्हणून मला माहीत.

परवा तिला जेवायला बोलावून तुझा विषय काढला. बाबांना सामन्याला येऊ दे, म्हटलं. ताटातला भात आधी संपवला. मग म्हणाली, हात रिकामे ठेवून येणार असतील तर येऊ देत. तेव्हा तसं लेखी वचन पाठव. तुझी तोंडी वचनं मी लहानपणापासून ओळखते.

वहिनींना नमस्कार. लोभ घट्टच राहू दे, त्यात टर्पेंटाइन घालू नकोस.

तुझी,
बेबी


दि. ११ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्ता साध्या पेनाने लिहिला आहे. बघवत नाही, पण तुझ्या हेडबाबूंसाठी सोसलं.

तुम्ही सगळे मिळून मला वेड्यात काढता, तर एकदा माझंही ऐकून घे. दुकान उघडायच्या आधी दुकानाची पाटी लागते. डॉक्टरकडे पहिला पेशंट यायच्या आधी डॉक्टरची पाटी लागते. थंडीत तेलरंग वाळायला दोन दिवस घेतो, दमट हवा असली तर तीन. तीस वर्षांत मी एकही पाटी गोष्ट घडून गेल्यावर रंगवलेली नाही. सामना संपल्यावर ब्रश हातात घेतला असता, तर पाटी वाळेपर्यंत पोरी परीक्षेला बसल्या असत्या. आणि मला वाटलं, ती जिंकणारच. बापाला एवढंही वाटू नये का?

असो. खरं सांगायचं तर मी हे सगळं जिला सांगायला हवं तिला सांगू शकत नाही, म्हणून तुझं डोकं खातोय. त्या दिवशी पोरी फाटकाशी आल्या तेव्हा मी शिडीवरच होतो. पाटीची शेवटची तार आवळत होतो. ठकीने वर पाहिलं. रागावली असती तर चाललं असतं. ती शरमली, बेबी. माझ्यापुढे शरमून तिने मान खाली घातली. ते मला वर्षभर खुपतंय. हल्ली शिडीवर चढलो की आधी खाली बघतो.

तर घे वचन. मी, खाली सही करणारा, असं लिहून देतो की अंतिम सामन्याच्या आधी पत्रा, कापड, भिंत, कागद यांपैकी कशावरही एक अक्षर रंगवणार नाही आणि येताना रंगाचा डबा आणणार नाही. साक्षीदार म्हणून तुझ्या वहिनीने सही केली आहे. तिने माझे सगळे ब्रश ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःपाशी ठेवली. लग्नात घेतलेल्या शपथांवर तिचा इतका कडक पहारा नव्हता.

ती जुनी पाटी तू भंगारात दिलीस, बरं केलंस. पत्रा मात्र जाड होता हो.

गुडघा तसाच आहे, ती येऊ शकणार नाही. मी एकटाच चोवीसला पोचतो. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


दि. १८ जानेवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याने वचन दाखवलं. आईची सही आहे म्हणून विश्वास ठेवते.

तुम्ही येणार, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. समोर आल्यावर मला जमणार नाही. हरल्याचं दुःख चार दिवसांत गेलं. खेळात ते होतंच, आमच्या सरावाच्या बाईंनी तर दुसऱ्याच दिवशी पळायला लावलं. लोक 'विजेती' म्हणतात त्याचंही आता काही वाटत नाही. पण बाबा, तुम्ही त्या पाटीत हरायला जागाच ठेवली नव्हती. ती वाचताना वाटलं, जिंकणारी ठकी यांना माहीत आहे, ही कोण हे यांना माहीतच नाही. मग हिला घेऊन घरी कुठे जायचं? म्हणून आले नाही. वेडेपणा असेल, पण वाटलं ते लिहिलं. आता डोकं हलकं झालंय, आणि गोलरक्षकाला ते बरं असतं.

टाकीखाली आत्याशेजारी बसा. पेनल्टी कॉर्नर असेल तेव्हा सूचना ओरडू नका. एरवी ऐकू येत नाहीत आणि आल्या तर राग येतो. थंडी आहे, मफलर आणा.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याची मलाही काळजी आहे, पण शेक घेतल्याशिवाय ती दाखवायची नाही असं ठरवलंय.

तुमची,
ठकी


दि. २७ जानेवारी

सौ. वहिनींस,
बेबीचा सा. न. वि. वि.

जिंकलो! दादाने तार केलीच असेल, पण तारेत काय मावतं? तुम्ही आधी चहा ठेवा, शेकाची पिशवी गुडघ्यावर घ्या आणि मग वाचा.

दादा आला तो दोन्ही हात खिशात घालून. सामनाभर तसाच बसला होता. मी म्हटलं टाळ्या तरी वाजव, तर म्हणाला, हात बाहेर काढले की काहीतरी करून बसतील. मध्यंतरानंतर आपल्या पोरींनी एक गोल चढवला. स्वयंपाकीणबाईंनी झारा असा हाणला की दांडा एकीकडे आणि जाळी दुसरीकडे. त्यानंतर त्या नुसत्या दांड्यानेच बडवत होत्या.

आणि शेवटचं मिनिट उरलं असताना त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. गेल्या वर्षीही अस्संच झालं होतं, तेच टोक, तोच गोल. दादाने डोळे मिटले आणि काय होतंय ते सांग म्हणाला. मी त्याचा दंड धरून नुसती गोलाकडे बघत राहिले. शेवटी ग्रंथपालच बसक्या आवाजात सांगायला लागले. चेंडू आत आला, अडवला, ती पोरगी मारतेय, मारला. आणि पुढे काही बोलेचनात. दादाने डोळे उघडले तर ठकी उजवीकडे आडवी पडलेली, चेंडू तिच्या पॅडला लागून रेषेबाहेर गेलेला आणि पंचांनी शिट्टी फुंकलेली. दादा रडला, वहिनी. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

मग काय विचारता! आमचे पोस्टमन सायकली घेऊन पुढे, सगळ्यांच्या घंटा एकदम. मागून पोरी काठ्या खांद्यावर टाकून, त्यांच्यामागे सगळं कॉलेज. ग्रंथपाल स्वतःचा कोट हवेत फिरवत होते, तो दोनदा झाडावर अडकला. गल्लीतली माणसं खिडक्यांतून काय झालं विचारत आणि उत्तर ऐकायला न थांबता खालीच उतरत. अशी सगळी वरात फाटकाशी पोचली आणि तिथे कुणीतरी ओरडलं, पेंटर, यंदा पाटी कुठाय? सगळे हसले. वाईट हसले असं नाही, पण दादाचा चेहरा एवढासा झाला. त्याने खिशातून दोन्ही हात काढले आणि वर करून दाखवले. रिकामे.

ठकी ते हात बघत उभी राहिली. मग फाटकातून उलटी फिरली आणि सरळ माझ्या घराकडे चालायला लागली. अख्खी गर्दी तिच्यामागे. माझ्या परसात जाऊन तिने कोंबड्यांच्या खुराड्याची मागची भिंत धरली आणि ओढायला लागली. वहिनी, मी खोटं बोलले होते. पाटी मी भंगारात दिलीच नव्हती. पत्रा जाड होता, अक्षरं आत करून खुराड्याला लावला. वर्षभर माझ्या कोंबड्याच विजेत्या संघाचं अभिनंदन वाचत होत्या. आणि मला वाटत होतं, पोरीला पत्ता नाही. अहो, दर रविवारी अंडी काढायला हात तीच घालायची!

अकराही जणींनी मिळून पाटी बाहेर काढली, पुसली, भिंतीला टेकवली. रंग जसाच्या तसा, दादाचं काम आहे. फक्त साल गेल्या वर्षीचं. ठकीने दादाकडे बघून विचारलं, "बाबा, ब्रश आहे का?"

आता तुम्ही रागावू नका. ट्रंकेला कुलूप होतं हे खरं, पण कोटाच्या आतल्या खिशात एक बारका ब्रश होता. ब्रश म्हणजे काही रंग नव्हे, असं त्याचं म्हणणं. वचनात फक्त डब्याचा उल्लेख आहे, मी घरी जाऊन वाचून पाहिलं. रंगाची सोय आमच्या पोस्टमननी केली. कचेरीत टपालपेट्या रंगवायचा लाल रंग असतो, त्यातला वाटीभर आणला. हेडबाबूंनी तोंड दुसरीकडे केलं. ठकीने पाटी धरली आणि दादाने तिनाचा चार केला. एका आकड्याला इतका वेळ लावलेला मी त्याला कधी पाहिला नाही.

ओला आहे, हात लावू नका, असं तो सगळ्यांना बजावत होता, आणि सगळ्यांनी हात लावला. फाटकावर पाटी चढेपर्यंत निम्म्या कॉलेजची बोटं लाल झाली होती. कुठल्याही टपालपेटीजवळ उभे राहिलो असतो तर ओळखू आलो नसतो. मी आज छाटलेल्या पाकिटांवरही डाग पडलेत, लोकांनी तक्रार केली तर बघू.

खुराड्याला आता भिंत नाही आणि कोंबड्या सगळ्या स्वयंपाकघरात आहेत. दादाला म्हणावं, एक पत्रा पाठव, कोरा. तुमची माया माझ्यावर आणि शेकाच्या पिशवीवर सारखीच राहू द्या.

तुमची,
बेबी


दि. २ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अठरा तारखेचं पत्र सामन्याला येताना खिशात घेऊन आलो होतो. त्याला उत्तर द्यायचं राहिलं. त्या दिवशी गर्दीत आपण बोललो ते फक्त रंग पातळ आहे की घट्ट एवढंच. उत्तर लिहायला बसलो तर पेनाने सुचेना. माझं सगळं ब्रशाने सुचतं. तुझ्या आईकडून ट्रंकेची किल्ली मागून घेतली, तिने पंधरा प्रश्न विचारून दिली.

एक नवी पाटी केली आहे. लहानशी, दोन फुटांची, घराच्या दारावर लावायची. पांढऱ्यावर निळं. त्यावर जिंकल्याचं काही नाही आणि हरल्याचंही नाही. एवढंच लिहिलंय: 'आमची ठकी घरी आली.'

धंद्याची सवय काही जात नाही, ही पण गोष्ट घडायच्या आधीच रंगवली. पण या वेळी न विचारता टांगणार नाही. आता वाळून दुकानात उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. तू सांगशील तेव्हा लावीन. नाही सांगितलंस तरी ती पुसून तो पत्रा मी दुसऱ्या कशाला वापरणार नाही.

आई शेक घेते आहे, मी स्वतः बघतो. आत्याला कोरा पत्रा पाठवला. अभ्यास कर. तुझा लोभ आहे असं तुझ्या पत्रावरून समजलो, चुकलो असेन तर कळव.

तुझे,
बाबा


दि. ७ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

चुकला नाहीत.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते, आठ दिवस राहीन. मी पोचायच्या आधीच पाटी टांगून ठेवा.

तुमची,
ठकी