खुर्ची सरकवू नका

अहो,

“या घरात खुर्चीसुद्धा बाईसाहेबांना विचारून सरकवायची!” सकाळी मोजे चढवताना पुटपुटलात, ते ऐकलं मी. तुम्ही गेल्यावर आपला म्हातारा कुत्रा तुम्ही सरकवलेल्या त्याच खुर्चीवर धाडकन आदळला. त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेतेय.

त्याच्या पाण्याचं भांडं आहे तिथेच असू द्या. लपूनछपून बिस्किटं देणंही आता बंद. वजनानं गुडघे धरलेत त्याचे.

दर सहा महिन्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाई बजावायच्या. तो अडखळला की मी म्हणायचे, वय झालंय. तुम्ही म्हणायचात, नाटकी आहे. तुम्ही त्याला चेंडू टाकणं का सोडलंत, ते मी विचारलं नाही. मी खुर्च्या का जपते, ते तुम्ही विचारलं नाहीत.

आता काय करायचं, मला काही सुचत नाही. त्याला दिसत नाही हो.